कागद सरकारच्या कपाटात आणि पुरावा आणायचा आम्ही

जून संपत आला की माझ्या पोटात गोळा यायला लागतो. नवी मुंबईतल्या एका कॉलेजच्या ऑफिसात ॲडमिशन आणि स्कॉलरशिपच्या खिडकीवर मी गेली चौदा वर्षं बसतेय, आणि दरवर्षी त्या खिडकीपलीकडे तेच चेहरे येतात, म्हणजे मुलं वेगळी पण चेहरा तोच. पावसाने भिजू नये म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली फाईल, बरोबर आई नाहीतर मामा, आणि प्रश्न एकच, मॅडम व्हॅलिडिटीची नुसती पावती चालेल का? व्हॅलिडिटी म्हणजे जातीचा दाखला खरा असल्याचं प्रमाणपत्र, आणि पावती म्हणजे त्यासाठी अर्ज केल्याची. ती कधी चालते कधी नाही चालत. बऱ्याच वर्षी शासन शेवटच्या आठवड्यात मुदतवाढ देतं, मग तो जीआर व्हॉट्सॲपवर फिरतो, मुलं रडता रडता हसतात, आणि मुदतवाढ संपली की परत तेच. ज्याची व्हॅलिडिटी आली नाही त्याला ओपनमधून फी भर म्हणतात, आणि ज्या घरातला माणूस रबाळ्याच्या कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर आहे तो एक लाख रुपये एका आठवड्यात कुठून आणणार. तो मुलगा मग येत नाही. आमच्या रजिस्टरला फक्त 'प्रवेश रद्द' एवढं लिहिलं जातं.

आरक्षण असावं का नसावं यावर टीव्हीवर रोज भांडणं असतात. ती मी पण ऐकते, पण मला जे बोलायचंय ते त्याच्या आधीच्या पायरीबद्दल आहे. आरक्षण आहे, स्कॉलरशिप आहे, कायदा आहे, मग ज्याच्यासाठी आहे त्याच्या हातात ते का पडत नाही? माझं उत्तर सरळ आहे. तू कोण आहेस हे सिद्ध करायचं ओझं आपण सगळ्यात कमी ताकद असलेल्या माणसाच्या डोक्यावर ठेवलंय, आणि सिद्ध करायला जे कागद लागतात ते सगळे सरकारच्याच कपाटात आहेत. हे ओझं सरकारने उचललं पाहिजे. मी मेहेरबानी मागत नाहीये, ते त्यांचं काम आहे.

ज्यांना या वाटेने कधी जावं लागलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. जातीचा दाखला आणि व्हॅलिडिटी या दोन वेगळ्या गोष्टी. दाखला प्रांत ऑफिसातून मिळतो. तो मिळाला तरी काम होत नाही, तो खरा आहे हे समितीकडून तपासून घ्यावं लागतं, त्याला जात पडताळणी म्हणतात. आणि या दोन्हीसाठी तुमचं कुटुंब एका ठराविक तारखेच्या आधीपासून इथलं आहे आणि त्याच जातीचं आहे हे दाखवावं लागतं. अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५०, आदिवासींना ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७. म्हणजे २००७ ला जन्मलेल्या पोरीने तिच्या पणजोबाचा कागद आणायचा. पणजोबा शाळेत गेला असता तर ठीक, पण ज्यांना शाळेत येऊ दिलं नाही त्यांच्यासाठीच तर हे आरक्षण आहे ना, मग त्यांच्याकडे शाळेचा १९५० च्या आधीचा उतारा कसा असेल? मी हा प्रश्न कितीतरी जणांना विचारलाय, सगळे मान हलवतात, हो बरोबर आहे म्हणतात, आणि मग म्हणतात पण कागद तर लागणारच.

माझ्या घरचं सांगते. आमचे पप्पा ७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून इकडे आले, तेव्हा आजची नवी मुंबई नव्हतीच, ठाणे-बेलापूर रोडवर कंपन्या उभ्या राहत होत्या आणि पारसिकच्या डोंगराला खदानी लागल्या होत्या. तुर्भ्याला खदानीत खडी फोडायचं काम, राहायला झोपडी. दुष्काळातली अर्धी वस्ती तशीच आली होती, गावं वेगवेगळी पण कहाणी एक. माझ्या भावाला २००३ साली व्हॅलिडिटी काढायची होती, आमच्या घरातली पहिलीच. पप्पांची शाळा १९५० नंतरची, त्यामुळे ती कामाची नाही. आजोबा शाळेत गेलेच नव्हते. शेवटी कळलं की आजोबांचे एक चुलत भाऊ दुसरीपर्यंत गेले होते, निजामाच्या काळात. पप्पा चार वेळा गावाला गेले, खदानीतल्या मुकादमाने खाडे कापले, हेडमास्तर रजेवर, मग रजिस्टर सापडत नाही, मग वाळवी लागलीय म्हणून सांगितलं, आणि पाचव्या वेळी ते रजिस्टर ज्या कपाटात होतं त्याच कपाटात मिळालं. उतारा उर्दूत. आमच्या घरात उर्दू कोणाला येणार? कोणीतरी सांगितलं मुंब्र्याला एक रिटायर्ड मास्तर आहेत, तेव्हा ठाणे-वाशी रेल्वे सुरू झाली नव्हती, बस बदलत बदलत पप्पा आणि भाऊ गेले. त्या मास्तरांनी चष्मा लावून अक्षर अन् अक्षर वाचलं, मराठीत लिहून दिलं, सही केली, एक रुपया घेतला नाही, वर जेवायला बसवलं. आमच्या घरात अजून त्यांचं नाव निघालं की मम्मी हात जोडते.

त्या उताऱ्यात जातीच्या रकान्यात काय लिहिलं होतं ते मी इथे लिहीत नाही. निजामाच्या राज्यात आमच्या लोकांना ज्या शब्दाने हाक मारायचे तो शब्द होता, आज तो शिवी आहे. आणि आमच्या भावाला अभिमानाने तो कागद पुरावा म्हणून पुढे करायला लागला. वर त्रुटी काय निघाली माहितीये का, आजोबांच्या भावाच्या उताऱ्यात तो शब्द, पप्पांच्या एलसीवर म्हणजे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर हिंदू महार, माझ्या एलसीवर नवबौद्ध, भावाच्या एलसीवर नुसतं बौद्ध, एकाच घरात चार प्रकार कसे? कसे म्हणजे काय, १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी नागपूरला दीक्षा दिली, लाखो माणसांनी धम्म स्वीकारला, नंतर शाळेच्या कारकुनाने प्रत्येक वेळी त्याला समजेल ते लिहिलं, आणि बौद्धांना अनुसूचित जातीत केंद्राने घेतलं १९९० ला. हा सगळा देशाचा इतिहास आहे, तो आमच्या एलसीवर उमटला तर ती आमची चूक कशी झाली? सतरा महिने लागले. एका वर्षाची ॲडमिशन गेली. भाऊ नंतर शिकला, चांगल्या नोकरीला लागला, पण ते गेलेलं वर्ष आणि पप्पांचे खाडे कोणी भरून दिले नाहीत.

आमचं तरी नशीब बरं म्हणायचं, कारण आमचा कोणीतरी पूर्वज दुसरीपर्यंत गेला होता. वडार समाजाच्या मुलांचं काय होतं ते बघा. आमच्या या पट्ट्यातल्या खदानी ज्यांनी हाताने फोडल्या, ज्या खडीवर हे सेक्टर उभे राहिले, त्यात वडार लोकांची संख्या मोठी. काम संपलं की पाल उचलायचं आणि दुसऱ्या खदानीवर जायचं, पिढ्यान् पिढ्या तेच, तर १९६१ चा रहिवासी पुरावा कुठल्या गावाचा आणणार. दोन वर्षांपूर्वी एक मुलगा माझ्या खिडकीवर आला होता, सोलापूरकडचं मूळ, पण मूळ म्हणजे आजीने सांगितलेलं गावाचं नाव एवढंच. घरात आधी कोणाचाच दाखला नसेल तर मूळ गावच्या प्रांत ऑफिसला जावं लागतं. तो आणि त्याची आई गेली, गावात त्यांना ओळखणारं कोणी नाही, तलाठी म्हणाले इथे नोंद नाही, इकडे आले तर इकडचे म्हणाले मूळ तिकडचं आहे, तिकडेच जा.

मला या गोष्टीचा फार राग येतो, कारण याच जमातींची नोंद या देशात एकेकाळी बारकाईने ठेवली जात होती. इंग्रजांनी १८७१ ला गुन्हेगार जमातींचा कायदा केला, माणसं जन्मतःच गुन्हेगार ठरवली, हजेरी लावली, सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणात ठेवली, सोलापूरची सेटलमेंट तर प्रसिद्धच आहे. कोण कुठे गेला, कोण कोणाचा मुलगा, हे सरकार दरबारी लिहिलं जायचं कारण त्यांच्यावर नजर ठेवायची होती. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला. नजर ठेवायची होती तेव्हा सरकारने स्वतः दारात येऊन नाव लिहिलं, आणि आता हक्क द्यायचा आहे तर तूच कागद शोधून आण म्हणतात. कागद नसेल तर स्थानिक चौकशी करून दाखला देता येतो, ती सोय ठेवलेली आहे हे मला माहिती आहे, पण ती चौकशी करायला पालापर्यंत कोण जातं? मी चौदा वर्षांत फार थोड्या वेळा ऐकलंय.

आता कायद्याकडे येऊ. महाराष्ट्राने जातीचे दाखले देण्याचा आणि तपासण्याचा वेगळा कायदा केला, तो २००१ पासून लागू आहे. त्याच्या आठव्या कलमात स्पष्ट लिहिलंय की आपण त्या जातीचे आहोत हे सिद्ध करायची जबाबदारी अर्जदाराची. तेराव्या कलमात असं आहे की अधिकाऱ्याने जाणूनबुजून खोटा दाखला दिला तर त्यालाही शिक्षा. बरोबरच आहे, व्हायलाच पाहिजे. पण खऱ्या माणसाचा दाखला अडवून ठेवला तर काय? लोकसेवा हक्काचा कायदा २०१५ ला आला, त्यात उशीर केला तर दंड आहे, पण माझ्यासमोर आलेल्या एकाही केसमध्ये कोणाला दंड झालेला मी बघितला नाही, कारण एक त्रुटी काढून फाईल परत पाठवली की दिवस परत पहिल्यापासून मोजायचे. मग अधिकाऱ्याच्या जागी बसून बघा, सही केली तर धोका, सही नाही केली तर काहीच नाही. माणूस वाईट असायची गरजच नाही, चांगला माणूस पण त्या खुर्चीवर बसून त्रुटीच काढेल. आणि माणसंही कमी असतात, कधी समितीच्या अध्यक्षाची जागाच रिकामी, दुसऱ्या जिल्ह्याच्या साहेबांकडे जादा कारभार, मग तारखेवर तारीख.

इथे मला राजर्षी शाहू महाराजांचा २६ जुलै १९०२ चा आदेश आठवतो. कोल्हापुरात मागासांना निम्म्या जागा, एवढं सगळ्यांना पाठ असतं. पण त्याच आदेशात पुढे असंही होतं की प्रत्येक खात्याच्या प्रमुखाने दर तीन महिन्यांनी नेमणुकांचा तक्ता सादर करायचा. म्हणजे हिशोब कोणी द्यायचा? साहेबाने. जागा भरल्या की नाही हे त्याने सांगायचं. सव्वाशे वर्षांपूर्वी महाराजांना कळलं होतं की ज्याच्या हातात सत्ता आहे त्यालाच जाब विचारायचा असतो. आपण ते उलटं केलं, आता साहेब बसून राहतात आणि पोरगा तक्ता घेऊन फिरतो.

लगेच मला सांगतील, ताई पण बोगस लोक किती आहेत. आहेत ना, मी कुठे नाही म्हणते. आदिवासींच्या जागा बोगस दाखल्यावर खाल्ल्या गेल्या हा तर फार मोठा अन्याय आहे, आणि तो अन्याय खऱ्या आदिवासींवर झालाय, ओपनवाल्यांवर नाही हे लक्षात घ्या. १९९४ ला सुप्रीम कोर्टाने पडताळणी समित्यांची पद्धत घालून दिली ती याच कारणासाठी, आणि २०१७ ला त्याच कोर्टाने सांगितलं की दाखला खोटा ठरला तर नोकरी जाणार. मग काय झालं? २१ डिसेंबर २०१९ ला महाराष्ट्र शासनाने जीआर काढून ज्यांचे दाखले टिकले नाहीत अशा कर्मचाऱ्यांना अधिसंख्य पदावर ठेवलं, म्हणजे त्यांच्यासाठी वेगळी पदं तयार करून पगार चालू ठेवला. मला त्यांच्या मुलाबाळांच्या पोटावर पाय द्यायचा नाहीये. पण तुलना करून बघा की नोकरीला लागलेल्या, दाखला रद्द झालेल्या माणसासाठी शासनाने रस्ता काढला आणि दाखला खरा असूनही पावतीवर थांबलेल्या अठरा वर्षांच्या पोराला आठ दिवसांची सवड नाही. कागदांचा डोंगर उभा केला की बोगस माणूस थांबतो ही समजूतच चुकीची आहे, बोगस माणसाकडे पैसा असतो, वकील असतो, एजंट असतो, त्याची फाईल सगळ्यात व्यवस्थित असते. थांबतो तो ज्याच्याकडे काहीच नाही तो. शहापूर-मुरबाडकडचा कातकरी बाप वर्षातले सहा-सात महिने वीटभट्टीवर असतो, पोरं बरोबर, शाळा सुटलेली, त्याची फाईल कोण लावणार?

सरकारला जमत नाही असं मात्र मी मानत नाही, कारण मी जमताना बघितलंय, आणि ते पण आमच्याच नवी मुंबईत. जानेवारी २०२४ ला मराठ्यांना कुणबी दाखले द्या म्हणून निघालेला मनोज जरांगे पाटलांचा मोर्चा वाशीला थांबला, एपीएमसीत माणसांचा समुद्र, आमच्या सोसायटीतल्या बायका पण भाकऱ्या घेऊन गेल्या होत्या, आणि २७ तारखेला तेव्हाचे मुख्यमंत्री स्वतः वाशीला आले आणि उपोषण सुटलं. त्या मागणीच्या बाजूने का विरोधात हा माझा आजचा विषय नाही, शेतीत पिचलेल्या माणसांचं दुःख मला कळतं, मी शेतमजुराचीच नात आहे. मला त्या वेळी दिसलेली एक गोष्ट सांगायचीय. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली, आणि बघता बघता तहसीलमधली, शाळांमधली, भूमी अभिलेखातली जुनी दप्तरं उघडली गेली, मोडी वाचणारे आणले, उर्दू वाचणारे आणले, लाखो कुणबी नोंदी सापडल्या, त्या स्कॅन करून जिल्ह्यांच्या वेबसाईटवर टाकल्या. मी त्या दिवसांत पप्पांना मोबाईलवर मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याची ती यादी दाखवली. त्याच काळातली रजिस्टरं, तीच उर्दू अक्षरं. पप्पा बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, म्हणजे हे सरकारला वाचता येत होतं.

येतं. कपाटं उघडता येतात, वाचणारा माणूस पगारावर ठेवता येतो, नोंद ऑनलाईन टाकता येते. मग त्याच रजिस्टरात त्याच पानावर वरच्या ओळीत कुणबी आणि खालच्या ओळीत महार, मांग, वडार, कैकाडी असेल तर खालची ओळ पण वाचा ना, पान तर तेच आहे. ज्यांच्याकडे लाखोंचा मोर्चा काढायची ताकद नाही, ज्यांची अख्ख्या जिल्ह्यात दोनशे घरं आहेत, त्यांच्यासाठी पण ते कपाट उघडायला पाहिजे.

आणि दुसरी गोष्ट, विश्वास. जून २०२४ च्या बजेटमध्ये लाडकी बहीण योजना आली, महिना दीड हजार, उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलला केवढी झुंबड उडाली ते ठाण्याने पाहिलं, मग शासनाने काय केलं, पिवळं नाहीतर केशरी रेशन कार्ड असेल तर दाखल्याची गरज नाही म्हणून सांगितलं आणि हमीपत्र घेतलं. काही महिन्यांत दोन कोटींवर बायकांच्या खात्यात पैसे गेले. तपासणी नंतर सुरू केली. माझ्या शेजारणीने त्या पैशातून मुलीच्या चष्म्याचं केलं, मला त्या योजनेबद्दल काही वाईट बोलायचं नाहीये. पण आधी द्या आणि मग तपासा हे जर दोन कोटी बायकांच्या बाबतीत चालू शकतं तर त्याच बाईच्या मुलाला स्कॉलरशिप देताना तेच केशरी रेशन कार्ड का चालत नाही? त्याला दरवर्षी नव्याने उत्पन्नाचा दाखला, महाडीबीटीवर म्हणजे स्कॉलरशिपच्या सरकारी पोर्टलवर परत अपलोड, ओटीपी येत नाही, आधार बँकेला लिंक नाही, अर्ज परत. रेशन कार्ड तेच आहे, घर तेच आहे, आईला चालतं आणि पोराला चालत नाही.

उत्पन्नाचा विषय निघालाच आहे तर अडीच लाखाचं पण बोलू. अनुसूचित जातीच्या मुलाला मॅट्रिकोत्तर स्कॉलरशिप पाहिजे तर आईबापाचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखाच्या आत पाहिजे, म्हणजे महिना वीस हजार आठशे. ही मर्यादा दहा वर्षांहून जास्त काळ तिथेच आहे, या काळात घणसोलीत एका खोलीचं भाडं कुठे गेलं ते भाड्याने राहणाऱ्याला विचारा. बापाने दोन ओव्हरटाईम जास्त मारले की पोराची स्कॉलरशिप गेली, निर्वाह भत्ता गेला, मग फ्रीशिप, त्यात फी भागते पण पासाचे, पुस्तकांचे, डब्याचे पैसे नाहीत. आणि आर्थिक दुर्बल घटकांचं दहा टक्के जे २०१९ ला आलं त्याची मर्यादा आठ लाख, त्यालाही कागद लागतात पण पडताळणी समितीपुढे जावं लागत नाही. महिना साठ हजार कमावणारा दुर्बल आणि एकवीस हजारवाला सबळ, हे मी त्या खिडकीतून कोणत्या तोंडाने समजावून सांगू. मी त्या आठ लाखवाल्या मुलांच्या विरोधात नाहीये, मुंबई-ठाण्यात साठ हजारात पण ओढाताण होतेच, मला तीच समजूत अडीच लाखवाल्याला लावलेली बघायचीय.

आमच्या ऑफिसातले एक सर आहेत, स्वभावाने खूप चांगले, मुलांच्या फीसाठी स्वतःच्या खिशातून पैसे दिलेले मी पाहिलेत. ते म्हणतात जात कशाला पाहिजे, सगळ्यांना गरिबीवर द्या, प्रश्न मिटला. मी त्यांना एकदा सकाळी साडेसहाला रस्त्यावर बघायला सांगितलं. नवी मुंबई स्वच्छतेत देशात वरच्या नंबरात येते, आम्हाला सगळ्यांना त्याचा अभिमान आहे, पण तो झाडू कोणाच्या हातात आहे, गटारात कोण उतरतं, कचऱ्याच्या गाडीवर मागे कोण उभं राहतं? गरीब सगळ्याच जातीत आहेत ना, मग तिथे सगळ्या जातीची माणसं का दिसत नाहीत? ते काम कॉन्ट्रॅक्टवर असतं, त्याला आरक्षण नाही, तिथे कोणी जातीचा दाखला मागत नाही, व्हॅलिडिटी मागत नाही, तरी बरोबर त्याच समाजाची माणसं तिथे पोचतात. झाडू देताना जी जात न विचारता कळते तीच जात ॲडमिशन देताना सतरा महिने तपासावी लागते. सर काही बोलले नाहीत, पण नंतर त्या वर्षी पडताळणीच्या फाईली तपासायला ते संध्याकाळी माझ्याबरोबर थांबायला लागले, अजून थांबतात.

एक केस सध्या चालू आहे ती सांगते. दिघ्याची मुलगी, आई ऐरोलीच्या सेक्टरांमध्ये चार घरची धुणीभांडी करते. वडील दुसऱ्या समाजाचे, मुलगी तीन वर्षांची असताना सोडून गेले ते परत आले नाहीत. पोरगी आजोळी वाढली, बुद्धविहारात वाढली, वस्तीत तिला तिच्या आईच्या जातीनेच ओळखतात, शाळेत जे टोमणे खाल्ले ते पण त्याच जातीचे. आईकडचे सगळे कागद स्वच्छ आहेत, मामाची व्हॅलिडिटी आहे. पण दाखला वडिलांकडून चालतो म्हणून वडिलांचे कागद आणा. कुठून आणणार? आई मला म्हणाली, मॅडम तो माणूस भेटला असता तर मी कागद कशाला, पोरीच्या दुधाचे पैसे आधी मागितले असते. सुप्रीम कोर्टाने २०१२ ला सांगितलंय की मुलाची जात आपोआप वडिलांचीच असं धरून बसू नका, मूल कोणत्या समाजात वाढलं, काय सोसलं ते बघा. आम्ही तो निकाल जोडून फाईल दिलीय. पण हा निकाल धुणीभांडी करणाऱ्या बाईला माहिती असावा आणि तिने तो ऑफिसला जाऊन सांगावा, ही अपेक्षाच कशी करता? ते ऑफिसला आधीच माहिती असायला पाहिजे.

मग करायचं काय. मला फार मोठी योजना सुचत नाही पण खिडकीवर बसून जे दिसतं ते सांगते. मूल पहिलीत येतं तेव्हापासून सरकारच्या रेकॉर्डला असतं, आधार आहे, यूडायसला म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाईन नोंदीत नाव आहे, बापाचं नाव आहे. पहिली ते दहावी दहा वर्षं आहेत. या दहा वर्षांत दाखला आणि व्हॅलिडिटी हे काम शाळा आणि महसूलने मिळून करायचं, अर्ज पालकाने करायचा नाही, बापाची किंवा सख्ख्या चुलत्याची व्हॅलिडिटी असेल तर परत सगळी वंशावळ काढत बसायचं नाही, तेवढ्यावर मुलाची द्यायची. नियमात आणि कोर्टाच्या निकालांत ही दिशा आहेच, फक्त तरी प्रत्येक पोराला नवीन फाईल, नवीन शपथपत्र, नमुना तीन आणि सतरा, नवीन त्रुटी हे चालूच आहे. जुना उतारा शोधायचा असेल तर तो समितीने त्या शाळेकडून मागवायचा, सरकारी पत्र गेलं की हेडमास्तरला रजिस्टर लगेच सापडतं हा माझा अनुभव आहे, पप्पांना पाच फेऱ्या लागल्या. आणि संशय असेल तर तपासा, दक्षता पथक पाठवा, खोटं निघालं तर शिक्षा करा, फी वसूल करा, पण तोवर मुलाला वर्गात बसू द्या. महसूल खात्याच्या महाराजस्व अभियानात शाळांमध्ये दाखले वाटलेले आहेत. कातकरींसाठी पीएम जनमन या केंद्राच्या आदिवासी योजनेची शिबिरं नोव्हेंबर २०२३ नंतर सुरू झाली, त्यात अधिकारी पाड्यावर जाऊन आधार, रेशन, जातीचा दाखला करून देतात. एका पाड्यावर मी मैत्रिणीबरोबर गेले होते, एक म्हातारी आजी दाखला हातात घेऊन तो उलटा-सुलटा करून बघत होती, तिला वाचता येत नव्हतं, तिने मला विचारलं यात माझं नाव कुठे आहे, मी बोट ठेवून दाखवलं, तर तिने त्या जागी स्वतःचं बोट बराच वेळ ठेवलं. म्हणजे टेबल पाड्यावर नेता येतं. ते शिबिर म्हणून वर्षातून एकदा कशाला, नेहमीचंच काम का नाही?

माझी भाची ऐरोलीला शाळेत आहे. तिच्या बापाची व्हॅलिडिटी आहे, माझी आहे, निजामाच्या काळातला तो उर्दू उतारा आहे, मुंब्र्याच्या मास्तरांनी मराठीत लिहून दिलेला कागद मी लॅमिनेट करून ठेवलाय. तरी भाऊ आत्तापासून म्हणतो की अकरावीला फाईल लावायला लागेल, तू तयारी ठेव. मी यावेळी तयारी ठेवणार नाहीये. मी शाळेला पत्र दिलंय, प्रांत साहेबांना दिलंय, पोच घेतलीय, की हे सगळे कागद तुमच्याकडेच आहेत, बापाच्या फाईलीचा नंबर हा आहे, हिचा दाखला तुम्ही काढून द्या. ती आता पाचवीत आहे, म्हणजे त्यांच्याकडे अजून पाच वर्षं आहेत.